असं का बरं? : मोज्यात लपलेली पॉवर बँक

चाचणीचे पेपर तपासून हातात मिळाले का? मिळाले असतील, तर ते आई-बाबांना दाखवले का? काही जणांचे पेपर अजून दप्तराच्या आतल्या कप्प्यातच घडी घालून बसले असतील, मला ठाऊक आहे! आजची गोष्ट मुद्दाम त्यांच्यासाठी. कारण ही गोष्टसुद्धा लपवून ठेवलेल्या एका वस्तूची आहे.

दिवाळीच्या सुट्टीत मी आणि आमचे भाचेबुवा पुण्याहून दिल्लीला निघालो होतो, मामाकडे. भाचेबुवा आठवीत आहेत. विमानाचा पहिलाच प्रवास, त्यामुळे स्वारी पहाटे चारपासून बूट घालून तयार! आदल्या रात्री सगळी बांधाबांध झाली होती. हातातली सॅक मी भरली आणि चाकांची मोठी बॅग त्याने भरली. ‘माझी बॅग मीच भरणार’ असा हट्टच होता त्याचा. मला आपलं कौतुक वाटलं. म्हटलं, चला, मुलगा शहाणा झाला.

विमानतळावर मोठी बॅग वजनकाट्यावर ठेवली. काउंटरवरच्या ताईंनी समोरचा तक्ता दाखवून विचारलं, “बॅगेत पॉवर बँक, सुट्या बॅटऱ्या, लायटर, असं काही आहे का?”

“नाही हो, काही नाही,” मी म्हटलं. तोंडात बसलेलं उत्तरच होतं ते. तक्त्याकडे मी नीट पाहिलंही नाही. बॅग ज्याने भरली त्याला विचारलं तर मुळीच नाही. बॅगेला चिठ्ठी लागली आणि पट्ट्यावरून डुलत डुलत ती आत गेली.

आम्ही तपासणीच्या रांगेत उभे राहिलो. मघापर्यंत अखंड बडबड करणारे भाचेबुवा एकदम गप्प. “काय रे, भीती वाटते का?” मी विचारलं. त्याने मान हलवली. दोन माणसं पुढे सरकली, चार सरकली, आणि मग तो अगदी हळू आवाजात म्हणाला, “मावशी, मोठ्या बॅगेत पॉवर बँक आहे.”

“काय?”

“आजोबांची. मोज्यात गुंडाळून ठेवली आहे. आणि... आणि ती फुगली आहे.”

आता खरी हकिगत ऐका. आजोबांनी दोन वर्षांपूर्वी रस्त्यावरच्या एका गाडीवरून स्वस्तात पॉवर बँक घेतली होती. ‘वाटेत फोन बंद पडायला नको’ म्हणून त्यांनी ती नातवाला दिली. दोन आठवड्यांपूर्वी त्याच्या लक्षात आलं, की टेबलावर ठेवली की ती डुगडुगते. पाठ चांगली पुरीसारखी टम्म झालेली! पण सांगितलं असतं तर मी ती काढून घेतली असती आणि मग प्रवासात गेम कुठून खेळणार? शिवाय ‘आजोबांनी दिलेली वस्तू बिघडवलीस’ असं कुणी म्हटलं तर? म्हणून साहेबांनी ती लपवली. हातातल्या सॅकमध्ये मला दिसली असती, म्हणून मोठ्या बॅगेत.

रागवायला मला वेळच नव्हता. रांग सोडून आम्ही दोघं उलट्या पावली काउंटरकडे धावलो. मी सगळं सांगून टाकलं, माझं ‘नाही हो’सुद्धा. ताईंनी लगेच फोन फिरवला. बॅग परत मागवली गेली. कर्मचाऱ्यांच्या समोर ती उघडली आणि मोज्याच्या गुंडाळीतून ती गुबगुबीत पॉवर बँक बाहेर आली. एका काकांनी ती अलगद उचलून बाजूला नेली. “ही विमानात नाही जायची,” ते म्हणाले. “क्ष-किरणांच्या यंत्रात दिसली असतीच, पण सांगितलंत ते फार बरं केलंत.” मग भाचेबुवांकडे वळून म्हणाले, “बेटा, यंत्र चुकू शकतं. बॅग भरणाऱ्याला मात्र पक्कं ठाऊक असतं आत काय आहे ते.”

विमानात बसल्यावर भाचेबुवांचे डोळे जरा ओलेच होते. पण प्रश्न विचारल्याशिवाय स्वारीला चैन कुठलं! “मावशी, एवढीशी तर डबी. तिला विमानवाले एवढे का घाबरतात? आणि ती धोक्याची आहे, तर हातातल्या सॅकमध्ये कशी चालते? आपण बसतो तिथे आणलेली चालते आणि लांब सामानात ठेवलेली चालत नाही, हे उलटंच नाही का?”

प्रश्न अगदी बरोबर आहे. असं का बरं? चला, बघू या.

डबीच्या आत दडलंय काय?

पॉवर बँक म्हणजे लिथियम-आयन बॅटरीची डबी. हीच जातकुळी मोबाइलमध्ये आणि लॅपटॉपमध्येही असते. १९९१ साली जपानमधल्या सोनी कंपनीने या बॅटऱ्या पहिल्यांदा बाजारात आणल्या. त्यामागचं संशोधन करणाऱ्या जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो या तिघांना २०१९ साली रसायनशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालं. त्या वेळी गुडइनफ आजोबा ९७ वर्षांचे होते! इतक्या मोठ्या वयात नोबेल मिळवणारे ते पहिलेच.

या बॅटरीत समोरासमोर दोन थर असतात, एक धन आणि एक ऋण. दोघांच्या मध्ये केसापेक्षाही पातळ असा एक पापुद्रा असतो आणि सगळीकडे एक द्रव भिजवलेला असतो. चार्ज करताना लिथियमचे आयन एका थराकडून दुसऱ्या थराकडे जातात. बॅटरी वापरताना ते परत येतात. जणू खो-खोतल्या धावपटूंसारखी सारखी ये-जा चालू! पापुद्र्याचं काम एकच : आयनांना जाऊ द्यायचं, पण दोन थरांना एकमेकांना शिवू द्यायचं नाही.

आता हा पापुद्रा फाटला तर? बॅटरी दणकन आपटली, चेंगरली, बनवतानाच त्यात काही खोट राहिली किंवा प्रमाणाबाहेर चार्ज झाली, तर असं होऊ शकतं. मग दोन थर एकमेकांना भिडतात आणि बॅटरी आतल्या आत तापू लागते. उष्णतेने आतली रसायनं बिघडतात. ती बिघडताना आणखी उष्णता बाहेर टाकतात. त्या उष्णतेने आणखी रसायनं बिघडतात. एकदा हे चक्र सुरू झालं की थांबता थांबत नाही. आतला द्रव तर पेट घेणारा असतोच.

लवंगी फटाक्यांची माळ आठवते ना? पहिल्या फटाक्याला वात लावली की पुढचे सगळे आपोआप. मोठ्या पॉवर बँकेत असे दोन, चार, सहा सेल शेजारी शेजारी असतात. एक पेटला की त्याच्या धगीने शेजारचा पेटतो.

आणि फुगणं म्हणजे काय? आतली रसायनं बिघडू लागली की वायू तयार होतो. त्याला बाहेर पडायला वाट नसते, म्हणून बॅटरी फुगते. फुगलेली बॅटरी लगेच पेटेलच असं नाही, पण ‘माझं पोट बिघडलंय, मला आता वापरू नका’ असं ती आपल्याला सांगत असते. आजोबांची पॉवर बँक दोन आठवडे हेच सांगत होती. ऐकणारा मात्र कानावर हात ठेवून बसला होता!

मग हातातल्या सॅकमध्ये का?

आता भाचेबुवांचा मुख्य प्रश्न. मोठ्या बॅगा जातात विमानाच्या पोटात. उड्डाण सुरू असताना प्रवाशांना तिथे जाता येत नाही. तिथे एखाद्या बॅगेतून धूर निघाला, तर तो बघणार कोण?

“पण तिथे आग विझवायची सोय नसते का?” असते ना. मोठ्या प्रवासी विमानांच्या सामानाच्या कप्प्यात हॅलॉन नावाचा वायू सोडायची व्यवस्था असते. हा वायू ज्वाळा दाबतो. कपडे, कागद, पुठ्ठा असलं काही पेटलं तर त्याचा छान उपयोग होतो. पण लिथियम बॅटरीची उष्णता तिच्या पोटातूनच येत असते. वरची ज्वाळा दबली, तरी आतलं चक्र चालूच राहतं. तिला हवं असतं थंड करणं. आणि ते विमानाच्या पोटात जाऊन करणार कोण?

माणसं बसतात तिथे मात्र शेकडो डोळे आणि शेकडो नाकं असतात. जरा वास आला, चटका बसला, धूर दिसला की कुणीतरी ओरडतंच. विमानातल्या कर्मचाऱ्यांना याचं खास शिक्षण दिलेलं असतं. आधी अग्निशामक नळकांड्याने ज्वाळा विझवायच्या आणि मग पाणी ओतून ओतून बॅटरी गार करायची. म्हणून उलटा वाटणारा हा नियम खरं तर सुलटा आहे. धोक्याची वस्तू डोळ्यांसमोर असलेलीच बरी!

हे नियम कुणाच्या लहरीतून आलेले नाहीत. ३ सप्टेंबर २०१० रोजी दुबईहून निघालेल्या एका मालवाहू जम्बो विमानात आग लागली. त्या विमानात लिथियम बॅटऱ्यांचा मोठा साठा होता. धुराने कॉकपिट भरून गेलं. वैमानिकांनी विमान परत फिरवलं, पण ते कोसळलं आणि दोघेही वैमानिक प्राणाला मुकले. पुढे १ एप्रिल २०१६ पासून, प्रवासी विमानांतून सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या माल म्हणून पाठवायला जगभर बंदी आली.

अगदी अलीकडचं उदाहरण दक्षिण कोरियातलं. २८ जानेवारी २०२५ च्या रात्री बुसानच्या गिम्हे विमानतळावर हाँगकाँगला निघालेलं एक विमान उभं होतं. आत १७६ माणसं. उड्डाणाला थोडा उशीर झाला होता. तेवढ्यात डोक्यावरच्या सामानाच्या कप्प्यातून धूर येऊ लागला आणि बघता बघता आग पसरली. घसरगुंड्या उघडून सगळ्यांना खाली उतरवण्यात आलं. काही जण जखमी झाले, पण सगळे वाचले. विमानाचं छप्पर मात्र जळून गेलं. एखादी पॉवर बँक आतून बिघडल्याने ही आग लागली असावी, असं तपास करणाऱ्यांनी सांगितलं. आता विचार करा, उड्डाणाला उशीर झाला नसता आणि तेच विमान समुद्रावर उडत असतं, तर?

त्यानंतर अनेक देशांनी नियम कडक केले. १ मार्च २०२५ पासून कोरियात पॉवर बँक डोक्यावरच्या कप्प्यात ठेवायला मनाई झाली. ती खिशात, हाताशी किंवा समोरच्या सीटखाली ठेवायची, म्हणजे काही झालं तर लगेच कळतं. आपल्याकडेही नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये असंच परिपत्रक काढलं. पॉवर बँक हातातल्या सामानातच ठेवायची, डोक्यावरच्या कप्प्यात ठेवायची नाही आणि विमानात तिने मोबाइल चार्जही करायचा नाही.

जरा गणित करू या

आता वही-पेन्सिल घ्या. विमानात किती मोठी पॉवर बँक चालते, हे ‘वॉट-अवर’ या मापात मोजतात. १०० वॉट-अवरपर्यंतची साधारणपणे चालते. १०० ते १६० पर्यंतची न्यायची, तर विमान कंपनीची आधी परवानगी लागते आणि तीही जास्तीत जास्त दोनच. १६० च्या वरची प्रवाशाला नेताच येत नाही.

पण डबीवर बहुतेक वेळा ‘एमएएच’ लिहिलेलं असतं. मग काय करायचं? सोपं आहे. एमएएचच्या आकड्याला १००० ने भागायचं आणि बॅटरीच्या व्होल्टने गुणायचं. पॉवर बँकेतल्या सेलचा व्होल्ट सहसा ३.७ असतो.

१०,००० एमएएच : १०,००० ÷ १००० = १०. १० × ३.७ = ३७ वॉट-अवर. चालेल!

२०,००० एमएएच : २० × ३.७ = ७४ वॉट-अवर. हीसुद्धा चालेल!

एक गंमत लक्षात ठेवा. डबीवर ‘५ व्होल्ट’ असंही लिहिलेलं दिसेल. ते बाहेर पडणाऱ्या विजेचं माप आहे. त्याने गुणलंत तर उत्तर चुकणार. आणि आकडे पुसून गेले असतील, तर? तर आतली शक्ती किती हे कुणालाच कळणार नाही आणि तपासणीत अशी डबी अडवू शकतात.

एवढं लक्षात ठेवा

- विमानाने जाताना पॉवर बँक आणि सुट्या बॅटऱ्या हातातल्या सामानात ठेवा. त्यांच्याजवळ नाणी, किल्ल्या ठेवू नका. धातू टेकला की बॅटरीची दोन टोकं जोडली जातात आणि ती तापते. वेगळी पिशवी सगळ्यांत उत्तम.

- मोबाइल सीटच्या फटीत पडला, तर सीट पुढे-मागे करू नका. मोबाइल चेंगरला तर त्यातली बॅटरी पेटू शकते. कर्मचाऱ्यांना बोलवा, ते काढून देतात.

- धूर, जळका वास किंवा चटका जाणवला, तर लगेच मोठ्या माणसांना आणि विमानातल्या कर्मचाऱ्यांना सांगा. स्वतः उचलायला जाऊ नका. ‘माझ्यामुळे झालं, आता ओरडा बसेल’ असा विचार तर अजिबात करू नका. अशा वेळी एक एक मिनिट मोलाचं असतं.

- घरातली बॅटरी फुगली असेल, तर ती चार्ज करू नका, दाबू नका, टोचू नका आणि केराच्या डब्यातही टाकू नका. मोठ्यांना सांगा. जुन्या बॅटऱ्या आणि ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात ती द्यायची असते. ती पेटलीच, तर लांब व्हा, मोठ्यांना हाक मारा आणि १०१ ला फोन करा. विमानातले लोक पाणी ओततात म्हणून आपण ओतायला जायचं नाही, त्यांना शिक्षण दिलेलं असतं.

आणि आई-बाबा, दोन शब्द तुमच्यासाठी. निघण्यापूर्वी आपल्या विमान कंपनीचा नियम एकदा बघून घ्या. हे नियम बदलत असतात आणि काही कंपन्यांचे जास्त कडक असतात. पॉवर बँक स्वस्तातली, बिननावाची घेऊ नका. आणि काउंटरवर प्रश्न विचारला गेला, की माझ्यासारखं सवयीने ‘नाही हो’ म्हणू नका. बॅग कुणी भरली, त्याला विचारा. मुलांनी चूक कबूल केली, तर आधी ‘बरं झालं सांगितलंस’ म्हणा. रागवायचं असेल, तर त्याला नंतर भरपूर वेळ असतो.

दिल्लीला पोहोचल्यावर भाचेबुवांनी आजोबांना फोन लावला. हात जरा थरथरत होता. सगळं सांगून झाल्यावर पलीकडून थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. मग आजोबा म्हणाले, “अरे, मीच ती गाडीवरून घेतली होती, पैसे वाचवायला. चूक माझीसुद्धा आहे. पण एक सांग, रांगेत असताना बोलावंसं का वाटलं तुला?”

भाचेबुवा म्हणाले, “आजोबा, आमच्या पुढे एक काकू होत्या. त्यांच्या कडेवर छोटं बाळ होतं. ते सारखं माझ्याकडे बघून हसत होतं.”

दोस्तांनो, यावर मी आणखी काय सांगू? त्या बाळाला काहीच ठाऊक नव्हतं. भाचेबुवांना मात्र ठाऊक होतं. ज्याला ठाऊक असतं, त्यानेच बोलायचं असतं.

चला, आता दप्तरातले ते पेपर बाहेर काढा बघू! आणि हा घ्या आठवड्याचा गृहपाठ. तीन मित्र विमानाने निघालेत. एकाकडे २७,००० एमएएचची पॉवर बँक आहे, दुसऱ्याकडे ३०,००० ची आणि तिसऱ्याकडे ५०,००० ची. तिन्हींचा व्होल्ट ३.७. कुणाची सरळ जाईल, कुणाला परवानगी काढावी लागेल आणि कुणाला ती घरीच ठेवावी लागेल? गणित मांडून पाठवा. उत्तर पुढच्या अंकात!

तुमची,
मावशी